जमेची बाजू

निवृत्त माणसाला छंद लागला तर घरच्यांना बरं वाटतं. पथ्य लागलं तर सगळ्या इमारतीला कळतं. आमच्या बदलापूरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका या दुसऱ्या प्रकारात मोडतात. बँकेच्या तपासणी खात्यात त्यांची उभी हयात गेली. काका शाखेच्या पायऱ्या चढताना दिसले की आत कॅशियरला घाम फुटायचा, असं सांगतात; म्हणजे काकाच सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी आधी सोसायटीचे हिशेब तपासायला घेतले. लागोपाठ तीन सेक्रेटरी राजीनामा देऊन गेल्यावर सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव करून काकांना ‘सन्माननीय सल्लागार’ नेमलं, म्हणजे त्यांच्याकडच्या वह्या काढून घेतल्या. त्याच सुमारास डॉक्टर त्यांना म्हणाले, कोलेस्टेरॉल जरा वर आहे, फळं-भाज्या वाढवा. हे वाक्य डॉक्टर येईल त्याला सांगतात आणि ऐकणारा दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो. काका विसरले नाहीत. येताना त्यांनी लाल कापडी बांधणीची दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर ‘श्री’ घातला आणि खाली लिहिलं : अँटिऑक्सिडंट, जमा.

रकाने पाच. तारीख, पदार्थ, वजन, बिल क्रमांक, शेरा.

“बिल क्रमांक कशाला, काका?” मी विचारलं.

“व्हाउचरशिवाय नोंद नाही,” काका म्हणाले. पुढे जे जे झालं ते या एका नियमापायी झालं.

काकांचा सिद्धांत समजायला विज्ञान यावं लागत नाही, थकबाकी कळली तरी पुरे. “फ्री रॅडिकल म्हणजे काय?” असं ते जिन्यात अडवून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, “ज्याच्या खात्यात एक इलेक्ट्रॉन कमी पडलाय असा रेणू. तो काय करतो? शेजाऱ्याचा ओढतो. मग शेजाऱ्याचा कमी. तो तिसऱ्याचा ओढतो. याची टोपी त्याच्या डोक्यावर! आमच्या एका शाखेत एकाने सहा वर्षं हेच केलं. मी पकडला.” आणि अँटिऑक्सिडंट? “तो आपला इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, आणि देऊनही बुडत नाही. असा जामीनदार मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही.” इतकं चोख स्पष्टीकरण मी क्रमिक पुस्तकातही वाचलेलं नाही. म्हातारपणाचं खापर या मोकाट रेणूंवर पहिल्यांदा फोडलं ते डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९५६ साली. काका त्यांना ‘आमचे हार्मनसाहेब’ म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, हेड ऑफिसला असतील.

ब्लूबेरी काकांच्या आयुष्यात आली ती न्यू जर्सीहून. मुलगी तिथे असते. सहा महिने राहायला गेले होते तेव्हा जावयाने त्यांना व्हाइट्सबॉगला नेलं. जंगलातली ब्लूबेरी शेतात आणण्याचा उद्योग तिथे झाला : एलिझाबेथ व्हाइट या बागायतदारीणबाई आणि सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी मिळून तो केला आणि १९१६ साली पहिलं पीक बाजारात गेलं. व्हाइटबाईंनी आसपासच्या लोकांना भोक पाडलेल्या पट्ट्या वाटल्या होत्या. या भोकातून जे फळ निसटणार नाही, त्याचं झुडूप दाखवा आणि पैसे घेऊन जा. काकांना अमेरिकेत एवढी एकच गोष्ट मनापासून आवडली. नायगरा त्यांना ‘पाणी वाया जातंय’ इतपतच वाटला होता. “बाईने तपासणीची पद्धत बसवली होती रे!” असं ते अजून गहिवरून सांगतात.

तिकडून आल्यावर दर पंधरवड्याला काका लोकलने ठाण्याच्या मॉलला जाऊ लागले आणि १२५ ग्रॅमची डबी तीनशे-साडेतीनशेला घेऊन येऊ लागले. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणणारा हा माणूस तिथे एक अक्षर न बोलता पैसे मोजतो, कारण तिथे छापील बिल मिळतं. घरी आल्यावर फळं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, मलमलच्या फडक्यावर निथळायची, मग मोजायची. रोजची सात. आपण गेलो तर पाहुण्याला दोन. ती देण्याची काकांची रीत अशी, की चिमटीत धरून हात पुढे आला की आपला उजवा हात आपसूक ओंजळीसारखा वळतो, डावा त्याच्याखाली जातो. पहिल्यांदा मी तीर्थासारखा हात डोळ्यांना लावून केसांवरून फिरवलासुद्धा. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. “चाव. गिळू नकोस. रंगात सगळं आहे,” एवढंच म्हणाले.

रंगात पुष्कळ काही आहे, हे खरं. तो जांभळा-निळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. एका संध्याकाळी काकांनी मला आणि काकूंना समोर बसवून एक अभ्यास वाचून दाखवला होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या ९३,६०० परिचारिका, १८ वर्षं पाठपुरावा, आणि आठवड्यात तीनदा किंवा जास्त वेळा ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी खाणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी.

“सगळ्या नर्सच?” काकूंनी लसूण सोलता सोलता विचारलं.

“सगळ्या.”

“म्हणजे दिवसभर पायावर उभ्या. आणि ज्यांना एवढ्या महाग बेरी परवडतात त्या बाकीचंही बरंच खात असतील, फिरायलाही जात असतील.”

काका गप्प झाले. संशोधकांनी व्यायाम, वजन, धूम्रपान, बाकीचा आहार हे सगळं जमेस धरूनच तो आकडा काढला होता, पण काकूंची शंका अस्थानी नव्हती. अशा पाठपुराव्यात फळ आणि हृदय हातात हात घालून चालताना दिसतात. कोण कोणाला ओढतंय ते दिसतंच असं नाही. काकूंचं शिक्षण कुडाळला मॅट्रिकपर्यंत झालंय.

काकू हा या वहीतला मोठा पेच आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात कोकमाचं आगळ आहे, आमसुलं आहेत, बरणीत मोरावळा आहे, हळद तर आहेच. कोकमाच्या सालीतला रंग म्हणजे पुन्हा अँथोसायनिनच. आवळा क जीवनसत्त्वात संत्र्याला कुठल्या कुठे मागे टाकतो. काका यातलं सगळं चवीने खातात, सोलकढी दोनदा मागतात, पण वहीत त्यातलं एक अक्षर नाही. बिल नाही! माहेरून आलेल्या आगळाला कोण बिल देणार? ब्लूबेरीच्या डबीवर ‘पेरू’ असं मूळ देशाचं नाव वाचल्यावर काकू म्हणाल्या, “मग पेरूच आणायचा की.” बोलून गेल्या, पण क जीवनसत्त्वापुरता निकाल पेरूच्याच बाजूने लागतो, तोही फार मोठ्या फरकाने.

महाबळेश्वरच्या सहलीत वेगळंच संकट उभं राहिलं. तिथली स्ट्रॉबेरी घेतली, बिल घेतलं, वहीत ‘बेरी’ सदराखाली नोंद झाली आणि रात्री हॉटेलच्या खोलीत काकांनी वाचलं की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने स्ट्रॉबेरी ही बेरीच नव्हे. बेरी कोण? तर केळं, टोमॅटो आणि वांगं. काका रात्रभर तळमळले. चुकीच्या खाती नोंद झाली होती. बदलापूरला आल्यावर काकूंनी वांग्याचं भरीत केलं आणि ताट पुढे सरकवत म्हणाल्या, “घ्या, बेरी.” त्यावर काकांनी वाचलेलं होतंच, की वांग्याचा औषधी रंग सालीत असतो. तेव्हा साल न काढता भरीत करण्याचा हुकूम सुटला. भाजलेल्या वांग्याची ती करपलेली काळी साल चघळत काका समोर बसले होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधान म्हणता येणार नाही, पण कर्तव्य नक्की म्हणता येईल.

कच्च्या खाण्याचा अध्याय त्याच महिन्यातला. शिजवलं की सत्त्व मरतं, असं कुणीतरी बागेत सांगितलं. काका टोमॅटो कच्चे खाऊ लागले, तेलाचा थेंब नाही. टोमॅटोचा लाल रंग लायकोपिनचा. ते शिजवल्यावर आणि तेला-तुपाच्या सोबतीने शरीरात जास्त शोषलं जातं. हे मी काकांना काकूंच्या देखत सांगितलं. “म्हणजे तुपाची फोडणी घातलेलं सार?” काकूंनी विचारलं. मी म्हटलं, हो. हळदीची गोष्ट तशीच. तिच्यातलं कुरकुमिन नुसतं घेतलं तर अंगी फारसं लागत नाही. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी त्याला मिऱ्यातल्या पायपरीनची जोड दिली, तेव्हा रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. काकू काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी मिऱ्याची बरणी ओट्याच्या पुढच्या फळीवर आणून ठेवली, तिचं तोंड काकांच्या खुर्चीकडे करून.

काकांचा नातू दुसरीत आहे. एका रविवारी मोबाइलवर कार्टून बघता बघता त्याने अख्खी डबी संपवली. सव्वाशे ग्रॅम. काका बाहेरून आले, रिकामी डबी पाहिली, नातवाला जवळ घेतलं आणि रागावण्याऐवजी विचारलं, “कसं वाटतंय?” तो म्हणाला, “पांचट.” वहीत त्या तारखेला नोंद आहे : बुडीत खाती वर्ग.

पण एवढ्यावरून काकांना हट्टी म्हणाल तर चुकाल. हाडाचा तपासनीस पुराव्यापुढे मान तुकवतो, फक्त पुरावा रीतसर हवा. कुठून तरी त्यांनी एक जुनी अमेरिकन यादी छापून आणली होती. प्रत्येक पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद आकड्यात दिलेली. तिच्यात लवंग अगदी वरच्या टोकाला. शंभर ग्रॅममागे लाखांत आकडा. काकांनी आठवडाभर चहात, आमटीत, ताकात लवंग घातली. शंभर ग्रॅम लवंगा कोण खाणार हा प्रश्न त्यांच्या रकान्यात बसत नव्हता. मी त्यांना सांगितलं, की ही यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ सालीच संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतला आकडा माणसाच्या पोटात गेल्यावर काय करतो हे त्यावरून कळत नाही, असं कारण दिलं. ही द्रव्यं शोषली जातात थोडी, उरलेली आतड्यातले जिवाणू आणि यकृत मिळून पार बदलून टाकतात. फळं खाल्ल्याने भलं होतं, पण ते इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीनेच होतं असं नाही. तंतू, पोटॅशियम, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर होणारा परिणाम, अशी बरीच मंडळी त्यात आहेत.

“खात्यानेच मागे घेतली?” काकांनी चष्मा काढला. “लेखी?”

“लेखी.”

मग त्यांनी वही उघडली आणि लवंगेच्या सगळ्या नोंदी एकेका सरळ रेघेने कापून प्रत्येकीपुढे आद्याक्षरी सही केली. चुकलेली नोंद खोडायची नसते, खालचं वाचता आलं पाहिजे. मी बघत होतो. हात जरासुद्धा थरथरला नाही.

नानांच्या बाबतीतही तसंच. तळमजल्यावरचे नाना दिवसाला पाकीट ओढतात. काकांनी त्यांना बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांची बाटली आणून दिली होती, बिलासकट. नानांना तो परवानाच वाटला; एक गोळी टाकली की दोन सिगरेटी बिनघोर. फिनलंडमधला प्रयोग मी काकांना सांगितला तो यासाठी. २९,१३३ पुरुष, सगळे धूम्रपान करणारे, वय ५० ते ६९. १९९४ साली निकाल लागला, तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. कमी नव्हे, जास्त. अमेरिकेत असाच एक प्रयोग चालू होता, तो १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खाणाऱ्यांचं भलं होताना दिसलं म्हणून गाजरातलं एक द्रव्य काढून गोळीत भरलं, तर सिगरेट ओढणाऱ्यांवर ते उलटलं.

“नमुना मोठा आहे,” काका एवढंच म्हणाले. त्याच पावली खाली गेले, नानांकडून बाटली परत घेतली, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि नानांना पोच लिहून दिली. नाना हसत होते. काका हसले नाहीत. “पाकिटाचंही बघा,” असं जाता जाता म्हणाले, आणि तो आवाज शाखेतला नव्हता.

आता जांभळांबद्दल. बदलापूरची जांभळं नावाजलेली. मेअखेरीस स्टेशनबाहेर आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसतात. आधी करवंदं, मग जांभळं, पानावर मांडलेले वाटे. काका तिथून रोज जातात. वीस वर्षं जात आहेत, आणि जांभूळ म्हटलं की त्यांना शर्टावरचा डाग आठवतो. मुलीने मात्र तिकडून एक इंग्रजी लेख पाठवला : जांभळात अँथोसायनिन भरपूर. इंग्रजीत आल्यामुळे ती बातमी झाली. काका टोपलीपुढे उभे राहिले. मी भाजीची पिशवी घेऊन शेजारी होतो.

“वाटा कसा?”

“तीस.”

“वीसला दे.”

“बाबा, झाडावर चढून काढलीत. झाड तुमच्या बिल्डिंगएवढं आहे.”

ठाण्याला साडेतीनशे मोजणारा माणूस इथे दहा रुपयांसाठी पाच मिनिटं उभा होता. शेवटी पंचवीसला तुटलं. मग काका म्हणाले, “बिल?” मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. काकांनी खिशातून पाठकोरा कागद काढला, त्यावर ‘जांभळे, वाटा १, रु. २५ फक्त’ असं लिहिलं आणि पुढे केला. “इथे सही कर. येत नसेल तर अंगठा चालेल.” मावशीने पेन घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश, वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि म्हणाली, “तीस द्या. पाच सहीचे.” काकांनी मुकाट्याने दिले. घरी जाईपर्यंत बोलत नव्हते, जिन्यात म्हणाले, “अक्षर चांगलं होतं रे.”

त्या दिवसापासून जांभूळ वहीत आलं. आणि मागाहून कळलं, काकूंनीही एका रात्री लिहायला घेतलं : आमसुलं, पाव किलो, माहेर; मोरावळा, एक बरणी, मी. खाली सही. काकांना ती व्हाउचरं मान्य करावी लागली, कारण नमुना त्यांचाच होता.

सहा महिन्यांनी काका वही बगलेत मारून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पानं चाळली, खरोखर मन लावून चाळली, कौतुकही केलं. मग रक्तदाब मोजला, आणि तो वाढलेला निघाला.

“ही झाली जमा,” डॉक्टर म्हणाले. “नावे कुठेय? मीठ किती जातं?”

उभ्या हयातीत काकांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो विचारण्याचा पगार त्यांना मिळत होता. जेवणात दोन पापड, कैरीचं लोणचं, चारच्या चहाबरोबर फरसाण, वर ताकात मीठ. लोणचं घरचं, त्याला बिल नाही. पापडांनाही नाही. फरसाणाचं बिल होतं, पण ते काकूंच्या पिशवीत राहायचं. ज्या माणसाने एकेका शाखेचे ताळेबंद उलटेसुलटे करून पाहिले, त्याने स्वतःच्या पोटाची एकच बाजू लिहिली होती. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. काकांचं तेवढं दुपारीच होत असावं. कोलेस्टेरॉल मात्र थोडं उतरलं होतं. त्याचं श्रेय काकांनी ब्लूबेरीला दिलं, काकूंनी सोलकढीला आणि डॉक्टरांनी स्टेशनपर्यंतच्या रोजच्या चालण्याला. माझं मत विचाराल तर डॉक्टरांच्या बाजूने.

हल्ली वहीला उजवं पान आहे. पापड एकावर आलाय, फरसाण फक्त रविवारी. ब्लूबेरीची डबी महिन्याला एक, आणि तीही मुलीने विचारलं तर सांगायला. काका आता जिन्यात अडवून फ्री रॅडिकलबद्दल बोलत नाहीत, “लोणच्याची फोड केवढी घेतोस?” असं विचारतात.

तुमच्या इमारतीतही असे एक काका असतील. त्यांच्याशी वाद घालू नका, फार वाचलेले असतात. आकडे दाखवा, लेखी दाखवा, ऐकतात. आणि जूनमध्ये बदलापूरला उतरलात तर जांभळं पहिला जोराचा पाऊस पडायच्या आत घ्या, नंतर अळ्या पडतात. मावशी तीस सांगेल. तीसच द्या.